तीन हजारी तार

सेलूला आमच्या जिनिंगच्या शेटनं कारखान्यापासून दुधना नदीच्या काठावरल्या त्याच्या बंगल्यापर्यंत विजेची तार ओढली, तेव्हा निम्मं गाव ती बघायला लोटलं होतं. मी त्या तारेच्या मिस्त्रीची बायको, म्हणून सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिले होते. काय बघायचं होतं तिथं, कपाळ? खांब आणि तारा. पण मिरवायची हौस. लढाईचे दिवस होते. घासलेटची मारामार होती, सांजच्याला दिवा लावायचा म्हणजे जिवावर यायचं. आणि तिकडं दोन कोसांवर, शेटच्या बागाइतातल्या त्या बंगल्यात, बटण दाबलं की उजेड पडणार होता. तो शेटच्या घरात पडणार होता, आमच्या नाही, हे त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

आमचे हे हैद्राबादेत वायरमनचं काम शिकून आलेले. त्यांच्या आईनं, म्हणजे माझ्या सासूनं, याच जिनिंगमध्ये सरकी निवडून त्यांना वाढवलं होतं. नवरा लवकर गेलेला, एकच लेक. तिला मी आत्या म्हणायची. आत्या खोटं बोलायची नाही आणि दुसऱ्याचं खोटं खपवून घ्यायची नाही. शेजारणीनं पीठ उसनं नेलं आणि परत करताना थोडं कमी दिलं, तर ही दारात उभी राहून "कमी हाय गं" असं सरळ तोंडावर सांगायची. देवीची भक्ती म्हणाल तर लय. नवरात्रात नऊ दिवस पायात चप्पल घालायची नाही. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही, अशी आमची दोघींची तऱ्हा.

ती तार कशी चालते हे मी यांना एकदा खोदून खोदून विचारलं होतं. जेवताना. आत्या बाजूला वाती वळत बसली होती.

"कारखान्यात डायनामोतून चारशे व्होल्टची वीज निघती," हे म्हणाले. "व्होल्ट म्हंजी दाब. ती तशीच तारेत सोडली तर बंगल्यापतोर पोचतच न्हाई. दिवा नुसता लाल व्हतो."

"का? जाती कुठं?"

"पाटाचं पाणी कुठं जातं? लांबच्या वाफ्याला पोचूपोचूस्तोर माती पिती का न्हाई? तसंच. तार पिती. म्हणून हितं ट्रान्सफॉर्मरच्या डब्यात घालून तिचा दाब वाढवायचा, तीन हजारावर न्यायचा, म्हंजी वाटंत कमी गळती. अन् बंगल्यापाशी दुसरा डबा हाय, त्यात परत उतरवायचा, दोनशे तीसवर. तवा कुठं दिवा लागायचा."

"म्हंजी बंगल्यातली वीज गरीब अन् वाटंतली वीज खवीस," आत्या म्हणाली.

हे हसले. "बरोबर हाय. वाटंतली लय वाईट. तिला हात लावावा लागत न्हाई, जवळ गेलं तरी धरती."

मग त्यांनी आम्हाला त्यांची साखळी दाखवली. तांब्याची, चांगली जाड, एका टोकाला लोखंडी पहार. खांबावर चढायचं तर आधी कारखान्यातला मोठा खटका पाडायचा. त्याला लाल फडकं बांधायचं, म्हणजे दुसऱ्या कुणी तो उचलू नये. आणि मग पहार जमिनीत ठोकून साखळी काठीनं तारांवर टाकायची. कुठून चुकून वीज आलीच, तर ती साखळीवाटे जमिनीत जाणार, माणसाच्या अंगात नाही. खटका पाडलेला असला तरी साखळी टाकल्याबिगर ते कधी तारेला हात लावत नसत. सोबतचा इंजिनाचा ड्रायव्हर त्यांना हसायचा. म्हातारा मुसलमान, आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. "मिस्त्री, मुडद्याला किती बांधणार?" म्हणायचा. हे म्हणायचे, मुडदा उठून बसला तर?

त्या वर्षी खंडेनवमी आली. जिनिंगचा हंगाम तोंडावर होता. कापूस अजून वेचणीला यायचा होता, पण इंजिन धुऊनपुसून तयार. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात, हे काय सांगायला पाहिजे? शेतकऱ्याचं औत, सुताराचा वाकस, शिंप्याची कात्री. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही आणि पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. कारखान्यातलं मोठं इंजिनसुद्धा सकाळीच बंद झालं. त्याला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. चाचा स्वतः नारळ फोडायला उभा होता. घरी आत्यानं पाटावर यांची पकड, नट आवळायचे पाने, कमरेचा पट्टा आणि ती साखळी मांडली. साखळी गोल करून मधोमध. हळदकुंकू वाहिलं, ऊद जाळला. फार नीट पूजा मांडली होती तिनं, अजून डोळ्यांपुढं आहे.

नैवेद्य झाला नाही तोच मुनीमजीचा निरोप आला. नदीकडच्या गाडीवाटेवर एका खांबाची तार धरणारी चिनीमातीची वाटी फुटली होती आणि तार खाली झोळ पडून लोंबत होती. दुसऱ्या दिवशी दसरा. शिलंगणाला देवीची पालखी त्याच वाटेनं आपट्याकडं जाणार, सोबत उंच निशाणकाठ्या. काठी तारेला लागली तर माणसं मरतील. आज इंजिन बंदच आहे, आजच तार वर घ्या, असं मुनीमजीचं म्हणणं.

हे उठले. काम लोकांच्या जिवाचं होतं, नाही कसं म्हणणार? पण हत्यारं पूजेत. चाचाची घरची हत्यारांची पेटी पूजेत नव्हती. त्याच्याकडून पकड आणि दोर मागून घ्यायचा, हे ठरलं. साखळी मात्र गावात एकच होती.

"आई, साखळी तेवढी घिऊ का?" यांनी विचारलं.

आत्या पाटासमोर बसली होती. तिनं वर बघितलं. "इंजिन बंद हाय न्हवं?"

"बंद हाय. खटका मीच पाडून आलो सकाळी. फडकंबी बांधलंय."

"लाइन बंद हाय, मग साखळी कशाला? उद्या सकाळी उचल म्हन की. देवीम्होरचं हत्यार हाय, बाबा."

हे घटकाभर उभे राहिले. मी चुलीपाशी होते, मला त्यांची पाठ दिसत होती. मग म्हणाले, "खरंय. कुठून येती वीज आज?" आणि चपला घालून निघाले. मी पोळी लाटत राहिले. त्यांचं बोलणं मलाही पटलं होतं. इंजिन बंद म्हणजे वीज नाही, यात न पटण्यासारखं काय होतं?

दुपार कलायच्या आत चाचा आला. त्याला पळवत नव्हतं तरी पळत आला होता. दारात उभा राहिला आणि आत्याकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाला, "बेटी, चल." एवढंच. मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून गेले.

यांनी वर चढून तारेला हात लावला आणि तिथंच अडकले. चाचा खाली दोर धरून उभा होता. त्यानं सगळं बघितलं. काय बघितलं ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी पोचले तेव्हा त्यांना बाभळीखाली निजवलं होतं. दोन्ही तळहात काळे पडले होते. तोंडावर मात्र काही नव्हतं, झोपल्यासारखे दिसत होते. मी ते हात पदराखाली घेतले, आत्या यायच्या आत. तिनं ते बघू नयेत म्हणून. पण तिनं आल्याआल्या पदर बाजूला केला आणि बघितलेच.

गाव काय म्हणणार? खंडेनवमीला काम केलं, देवीनं नेलं. ज्यानं त्यानं हेच म्हटलं. इंजिन बंद, खटका खाली, लाल फडकं जागच्या जागी. मग वीज आली कुठून? देवीच आली. दसऱ्याला पालखी निघाली ती दुसऱ्या वाटेनं गेली. लोकांनी त्या खांबाला लांबूनच नमस्कार केला. माझ्या नवऱ्याला मारणाऱ्या खांबाला हात जोडताना बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण आत्यानं ते पत्करलं. रडली, डोकं आपटलं, आणि मग शांत झाली. "तिचंच लेकरू व्हतं, तिनं नेलं. हत्यार न्हाई उचललं, पर काम तर केलंच की." असं आल्यागेल्याला सांगायची. देवीवर रागावली नाही. उलट तिची सेवा वाढवली. मला वाटायचं, ही बाई दगडाची आहे की काय.

राख सावडून झाल्यावर चाचा आमच्याकडं आला. आत्या नदीवर गेली होती. तो ओट्यावर बसला, न पेटवलेली बिडी हातात धरून.

"बेटी, देवी-बिवी काय नाय," तो म्हणाला. "मी बंगल्यावर पळत गेलो होतो गाडी मागायला. तिथं फटफटी चालू होती."

"कसली फटफटी?"

मग त्यानं सांगितलं. शेटच्या लेकीच्या सासरची मंडळी दसऱ्याला येणार होती. कारखान्याचं इंजिन पूजेला बंद राहणार, तर बंगल्यात अंधार नको. म्हणून शेटनं तेलावर चालणारा छोटा डायनामो मागवला होता. तो त्याच सकाळी रेल्वेनं आला आणि ठेसणावरून परभारे बैलगाडीनं बंगल्यावर गेला. आमच्या यांना पत्ताच नाही. बंगल्यावरच्या माणसानं दुपारी तो लावून बघितला. लावायच्या आधी बंगल्याचा खटका पाडायला हवा होता, म्हणजे ती वीज घरातच राहिली असती. त्यानं पाडला नाही.

"मग?" मी म्हणाले. "छोटी मशीन ती. घरातल्या दिव्यापुरती."

"घरात दोनशे तीस," चाचा म्हणाला. "पण खटका वर. मग ती वीज उलटी गेली, डब्यात. जो डबा तीन हजाराचे दोनशे तीस करतो, तोच डबा उलट्या बाजूनं दोनशे तीसचे तीन हजार करतो. त्याला काय कळतं, कुठून आली? इकडं कारखान्यात खटका खाली, फडकं बांधलेलं, आम्ही खुशाल. आणि तिकडून तार जिवंत." त्यानं बिडी खाली ठेवली. "बंगल्याचा खटका मी माझ्या हातानं पाडला, बेटी. दुसरं कुणी तारेला लागायच्या आत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आणि कळल्यावर जी आग उठली ती आज म्हातारपणीसुद्धा विझलेली नाही, खोटं कशाला सांगू. देवी नव्हती. पाव्हण्यांसाठी दिवे लावून बघत होते ते. माझ्या माणसाचे हात जळत होते तेव्हा बंगल्यात दिवा लागला म्हणून कुणीतरी खूश झालं असेल. मला दुसरं काही नको होतं. हे कुणामुळं गेले, ते चारचौघांत बोललं जावं, एवढंच हवं होतं.

"साखळी असती तर?" मी विचारलं.

चाचानं माझ्याकडं बघितलं. "साखळी असती तर वीज जमिनीत गेली असती, फटफटी जागच्या जागी बंद पडली असती. मिस्त्रीला मुंगी चावली नसती." आणि मग हळूच म्हणाला, "हे माईला नको सांगू."

मी सांगणार नव्हतेच. आत्यापाशी देवी होती, ती तिच्यापाशी राहू दे. मला शेट पाहिजे होता.

मी पोलिसांच्या अमीनसाहेबांकडं गेले. निजामाच्या मोगलाईत अमीनपुढं जाऊन उभं राहणं म्हणजे काय, हे आजच्या पोरींना सांगून कळायचं नाही. उर्दू मला येत नव्हतं, त्यांना मराठी जेमतेम. पण एक खरं, त्यांनी ऐकून घेतलं. कारखान्यात चौकशी लावली. त्या दिवशी मी घरातून निघाले तर आत्या चपला घालून दारात. "माझं लेकरू हाय, मी यीन," म्हणाली. थांबवायला काही कारणच सुचेना. तिला घेऊन गेले.

कारखान्याच्या अंगणात खुर्चीवर अमीनसाहेब, शेजारी शेट, कडंला मुनीमजी. चाचाला विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, नोकरीची पर्वा न करता. फटफटी, वर असलेला खटका, उलटी गेलेली वीज. आत्या माझा दंड धरून ऐकत होती. तिची पकड घट्ट होत गेली.

शेट शांतपणे उठला. त्यानं नाकारलं नाही. मला वाटलं होतं नाकारेल, मी भांडायला तयार होते. "मशीन चालू होती, साहेब," तो म्हणाला. "लाइन बंदच आहे, मग खटका कशाला पाडायचा, असं आमच्या माणसाला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. झालं ते वाईट झालं. पण मिस्त्रीचा स्वतःचा नियम होता, साखळी टाकल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. ती साखळी कुठं होती, हे विचारा."

अमीनसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "ज़ंजीर कहाँ थी?"

"त्यांच्यासंग व्हती," मी म्हणाले. "टाकली व्हती. घसरून पडली."

खोटं बोलले. चाचा जमिनीकडं बघत राहिला. त्यानं माझं बोलणं खोडलं नाही. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा बोलेन. शेट खरं बोलून सुटत होता, तर मी खोटं बोलून त्याला धरलं, यात माझं काय चुकलं?

पण आत्यानं माझा दंड सोडला. दोन पावलं पुढं झाली, डोक्यावरचा पदर नीट केला.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "माझी सून खोटं बोलायली. साखळी घरी व्हती, माझ्या पूजंत. त्यानं मागितली व्हती. म्या दिली न्हाई."

"क्यों नहीं दी, माई?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"लाइन बंद हाय, मग साखळी कशाला, म्हनले म्या."

एका घटकेत दोनदा तेच वाक्य ऐकलं होतं सगळ्यांनी. बंगल्यावरच्या माणसानं जे केलं तेच माझ्या सासूनं केलं होतं, तोच विचार, तेच शब्द. मी अमीनसाहेबांकडं बघत होते, त्यांना हे दिसतंय का म्हणून. त्यांना दिसलं असेल, नसेल. त्यांनी शेटशी उर्दूत दोन गोष्टी केल्या आणि मग उठता उठता चाचाला सांगितलं, चाचानं आम्हाला मराठीत. ग़फलत मरणाऱ्याची. साखळी न टाकता चढला. शेटवर काही नाही.

शेटनं आत्यासमोर हात जोडले. "माई, तुम्ही खऱ्या आहात," म्हणाला. त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली मला. आत्यानं त्याला उलट नमस्कार केला.

आम्ही रुळाकडच्या वाटेनं घरी निघालो. मी पुढं, रागानं पाय आपटत. का बोललीस, कुणी विचारलं होतं तुला, असं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मागं तिची पावलं थांबली. वळून बघितलं तर ती वाटेच्या कडंला दगडावर टेकली होती.

"पोरी," ती म्हणाली, "त्यो म्हातारा म्हनला ते खरं हाय का? देवी न्हवती?"

"न्हवती, आत्या. शेटची मशीन व्हती. त्यांच्या माणसानं खटका पाडला आसता तर..."

"त्ये न्हाई इचारलं म्या. साखळी आसती तर वाचला आसता का?"

या बाईला खोटं चालत नाही हे आत्ताच बघून आले होते, आणि आणखी एक खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणाले. "वाचले आसते."

तिनं मान हलवली. रडली नाही.

"देवीनं नेला आसता," ती म्हणाली, "तर बरं झालं आसतं."